मुक्या काडतुसांची उत्तरपूजा

ट्रकवाल्यांनी सोफा नेला, फ्रिज उचलला, चित्रलेखाचं पुरणयंत्र कागदात गुंडाळून नेलं, आणि शेवटी हॉलच्या कोपऱ्यातल्या पाटापाशी येऊन त्यांचा म्होरक्या थबकला. पाटावर एक हिरवी लोखंडी पेटी होती. तिच्यावर हळदीकुंकू, अंगणातल्या झेंडूची फुलं आणि तांदळाचे दाणे.

"यात काय आहे?"

"काडतुसं," चंद्रहास म्हणाला.

"मेट, पियानो असता तर नेला असता. सासू असती तर गादीत गुंडाळून नेली असती. काडतुसं नाही."

"माहीत आहे. ती मी माझ्या गाडीतून नेणार. दोन्ही राज्यांची परवानगी काढलीय."

"आणि फुलं कशाला?"

"काल पूजा होती त्यांची."

म्होरक्याने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा चंद्रहासकडे. 'नो वरीज' म्हणाला आणि घाईघाईने वॉशिंग मशीनच्या दिशेने गेला.

चंद्रहास गुप्त्याची उभी नोकरी वॉलॉंगॉंगच्या पोलाद कारखान्यातल्या लॅबमध्ये गेली. तुटलेल्या पोलादाचा तुकडा भिंगाखाली धरायचा आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तू का तुटलास? निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. फरक इतकाच की आता तो काडतुसांना विचारायचा, बाई गं, तू का नाही उडालीस? कारण त्याचा संग्रह साध्यासुध्या काडतुसांचा नव्हता. चाप ओढला, पिन बुडावर बसली, आणि आवाज झाला नाही, अशीच काडतुसं तो गोळा करायचा. मुकी काडतुसं. प्रत्येकीच्या बुडावर गालावर पडते तशी एक खळी.

ती त्याला मिळायची शेतकऱ्यांकडून, लिलावातून, म्हाताऱ्या शिकाऱ्यांच्या विधवांकडून. प्रत्येकीबरोबर एक गोष्ट यायची आणि ती गोष्ट तो पाहुण्यांना ऐकवायचा. ही बघा, पाय मोडलेल्या घोड्यासाठी होती. आवाज झाला नाही, तेवढ्यात घोडा उठून उभा राहिला आणि पुढच्या वर्षी मोरुया गावची शर्यत जिंकून आला. ही एका पोलिसाची. संध्याकाळी स्वतःच्याच सावलीला चोर समजला. उडाली नाही, पण सावली अशी घाबरली की तेव्हापासून त्याच्यापासून दोन हात लांब चालायची. पाहुणे हसायचे. मग चंद्रहास पेटीतल्या पहिल्या कप्प्यातलं काडतूस दाखवायचा, आणि ते दाखवताना तो स्वतः हसायचा नाही.

ते होतं मर्व्हचं. मर्व्ह त्याचा लॅबमधला सहकारी, कूमा गावाकडे त्याचं शेत होतं. ऑस्ट्रेलियात आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने या नवराबायकोला तिकडे नेलं. चित्रलेखा स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मर्व्हने सशांची रायफल काढली, रिकामीच आहे म्हणाला, आणि कशी चालते ते दाखवायला चाप ओढला. नळीचं तोंड चित्रलेखाकडे होतं. टक्. बस, इतकंच. मर्व्हने बोल्ट मागे खेचला तर आतून जिवंत काडतूस निघालं आणि गडगडत तिच्या पायाशी गेलं. मर्व्ह तिथेच फरशीवर बसला. चित्रलेखाने वाकून ते उचललं आणि नव्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "तुमचं हे पडलं."

संग्रहाची सुरुवात ती.

आता त्याची पूजा का, तर चित्रलेखाच्या माहेरी खंडेनवमीला तलवार पुजायचे. इथे तलवार कुठून आणायची? म्हणून विळी, सुऱ्या, कात्री, चंद्रहासचं व्हर्नियर आणि ही पेटी. नवमीला बसवायचं, बोलावणं करायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी अक्षता टाकायच्या, जरासं हलवायचं, 'पुन्हा या' म्हणायचं. ही उत्तरपूजा. ती झाल्याशिवाय पुजलेली वस्तू जागची उचलायची नाही. हे तर लहान पोरालाही माहीत असतं. पण ट्रक मिळाला तो नेमका दसऱ्याच्या सकाळी. चित्रलेखा बाहेर फ्रिज आडवा घालणाऱ्याशी भांडत होती आणि चंद्रहासने फुलं बाजूला केली, पेटी छातीशी धरली आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. नेहमीपेक्षा जड लागली. वय झालं, तो स्वतःशी म्हणाला.

घराची किल्ली एजंटच्या हातात दिली आणि दोघं निघाली मेलबर्नला. तिकडे पॉइंट कुकला त्यांची लेक अस्मिता राहते, तिच्याच गल्लीत त्यांनी घर घेतलं होतं.

गाडी ह्यूम हायवेला लागली आणि टिंगटिंग सुरू झाली.

"मागे कोणीतरी बेल्ट लावला नाही म्हणतेय," चित्रलेखा म्हणाली.

"मागे आहेच कोण?"

"गाडीला विचारा. माझ्यावर कशाला ओरडता?"

मागच्या सीटवर डब्यांची पिशवी होती. तिने ती ओढून पायाशी घेतली. टिंगटिंग चालूच. शेवटी चंद्रहासने गाडी बाजूला घेतली आणि रिकाम्या सीटचा बेल्ट लावून टाकला. थांबली. दोन मिनिटांनी दुसऱ्या सीटची सुरू झाली. मग मधल्या सीटची. तीन रिकाम्या सीटा पट्टे बांधून बसल्या, सहलीला निघालेल्या पोरांसारख्या.

"सेन्सर गेलाय," चंद्रहास म्हणाला.

"तिन्ही एकदम?"

"एकाच कंपनीचे असतात."

यास गावात पेट्रोल भरायला थांबले. काडतुसं गाडीत एकटी सोडायची नाहीत असा नियम, म्हणून चंद्रहास गाडीतच बसला आणि ती कॉफी आणायला गेली. आली ती पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये पाण्याचे पेले भरून.

"हे कशाला?"

"काउंटरवरच्या पोरीने दिलं. म्हणाली, मागे दाटीवाटीने बसलेत ना तुमचे, उन्हात घामाघूम झालेत बिचारे, त्यांना द्या." सांगताना ती हसत होती. वाक्य संपता संपता हसायची थांबली.

दोघांनी मागे पाहिलं. ऑक्टोबरचं लख्ख कोरडं ऊन. पण मागच्या काचांवर आतून वाफ धरली होती. बंद खोलीत खूप माणसं बसली की धरते तशी.

"अहो, पेटी कोणी उचलली?"

"मी."

"अक्षता टाकल्यात?"

"अक्षता तू टाकतेस."

"मी त्या फ्रिजवाल्याशी भांडत होते!"

"मग?"

"मग काय मग? बोलावून बसवलेल्यांना निरोप दिला नाहीत. तसेच उचलून गाडीत घातलेत."

"चित्रा, पितळेच्या नळकांड्यांना पूजा कळते का?"

"तुम्हाला तरी कुठे कळते? तरी सोवळं नेसून बसता ना."

 चंद्रहासने गाडी सुरू केली.  रस्त्याच्या कडेला कुरणं, कुरणांना कुंपणं. एका कुरणात कपाळावर पांढरा पट्टा असलेला तपकिरी घोडा उभा होता. पुढच्या गावानंतरच्या कुरणात तसाच एक. चंद्रहासने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. गंडगाई गावाच्या पुढे तिसऱ्यांदा दिसला तेव्हा मात्र तो नीट पाहू लागला. गाडी एकशेदहाने चालली होती आणि घोडा कुंपणापलीकडून रमतगमत चालत होता, तरीही मागे पडत नव्हता. पुढचा उजवा पाय जरासा ओढत होता.

"तुम्हालाही दिसतोय?" चित्रलेखाने समोर बघतच विचारलं.

"कोण?"

"बरं, राहू दे."

होलब्रुक गावात एक पाणबुडी आहे. समुद्र तिथून इतका लांब की तिथल्या लोकांना मीठसुद्धा गोड लागत असेल, पण बागेच्या हिरवळीत ही एवढी काळी पाणबुडी अर्धी रुतून बसलीय. चित्रलेखा ती बघायला आणि आइस्क्रीम आणायला गेली. चंद्रहास डिकीशी टेकून उभा राहिला. हवेत माश्याच माश्या, तोंड उघडायची सोय नाही.

"दुसऱ्या रांगेतलं डावीकडचं माझं," कोणीतरी म्हणालं.

मागच्या चाकाजवळ गवतावर एक माणूस बसला होता. रुंद कडांची टोपी, उन्हाने रापलेली मान. चंद्रहासच्या डोळ्यांत, कानांत माश्या जात होत्या. त्या माणसावर एकही बसत नव्हती.

"भावाने झाडलं होतं. कुंपण कुणाच्या जमिनीत यावरून. टक् झालं. मग आम्ही दोघांनी बसून बिअर प्यायली आणि मरेपर्यंत एकमेकांशी बोललो नाही." तो टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "तुमचं ते हळद-तांदूळ बरं वाटायचं. आम्हाला दुसरं कोण बोलावतंय? संध्याकाळी निरोप मिळायचा, आम्ही जायचो. या वेळी निरोप नाही. एकदम डिकी."

"चुकलं," चंद्रहास म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"होतं असं. पण उद्या नदीवर दे. मरे नदी ओलांडायच्या आधी. बोलावणारी तुझी बायको. ती उंबरा ओलांडेल त्या घरात आम्ही तिच्या मागोमाग जाणार. आणि निरोपाशिवाय एकदा आत गेलो की मग कायमचे."

"देतो की. तांदूळ आहेत तिच्याकडे."

"तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं?"

"पहिल्या कप्प्यात कुणाचं आहे, मेट?"

चंद्रहासने डिकीवर हात दाबून धरला. "पण दरवर्षी तर निरोप देतोच आम्ही. तिला काही होत नाही."

"दरवर्षी ती आपल्या घरात असायची. निरोप दिला की ज्याने त्याने आपल्या जागी जायचं. ती असायचीच तिच्या जागी. आज तिची जागा कुठली? जुन्या घराची किल्ली दुसऱ्याकडे, नव्यात पाऊल पडलेलं नाही. निघाली तर आमच्याबरोबरच निघेल."

"तिला वगळून देतो निरोप."

"पंक्तीतल्या एकालाच बसवून ठेवता येतं का?"

समोरून चित्रलेखा दोन्ही हातांत आइस्क्रीम घेऊन येत होती, वितळलेलं मनगटावर ओघळत होतं. चंद्रहासने वळून पाहिलं तेव्हा चाकाजवळ कोणी नव्हतं. गवत मात्र अजून दबलेलं होतं आणि एक एक पातं करून वर येत होतं.

"कुणाशी बोलत होतात?"

"माश्यांशी," तो म्हणाला.

नदीच्या अलीकडच्या अल्बरी गावात मोटेलवालीने न मागता जास्तीचे टॉवेल आणि उशा दिल्या. चंद्रहासने पेटी खोलीत आणून पलंगाखाली सरकवली आणि बायकोकडे पाठ करून, डोळे उघडे ठेवून पडून राहिला.

सकाळी न्याहारी होते न होते तोच चित्रलेखाने स्टीलच्या वाटीत तांदूळ घेतले, त्यांना कुंकू चोळलं. "चला नदीवर. दसरा काल झाला, पण चूक निस्तरायला मुहूर्त लागत नाही."

"घरी करू."

"यांना घेऊन अस्मिताच्या शेजारी जाऊ? शहाणेच आहात."

"अगं, उघड्यावर काडतुसांची पेटी घेऊन बसलो तर कोणी पोलिसांना फोन करेल."

"करू दे. त्यांनाही तीर्थ देऊ."

तिच्यापुढे त्याचं कधी काही चाललं होतं की आज चालावं? आणि खरं सांगायचं तर दिवसा उजेडी, टोस्ट खाल्लेल्या पोटी, त्याला कालचा टोपीवाला म्हणजे उन्हाचा परिणाम वाटू लागला होता. त्याने पेटी उचलली. नदीकाठी निलगिरीचं जुनं झाड होतं, त्याच्या मुळांवर ठेवली. पलीकडून दोन पोरं कनू वल्हवत गेली, हात हलवून गेली. सगळं कसं छान, नेहमीसारखं.

चित्रलेखाने पहिली चिमूट टाकली.

झाडावरचे मॅगपाय पक्षी गप्प झाले. नदी वाहत होती, पण तिचा आवाज येईना. झाडाखालच्या सावलीत माणसं उभी राहिली. कार्यक्रम संपल्यावर उठतात तशी, कपडे झटकत, टोपी शोधत. कोणी सैनिकी गणवेशात, कोणी नुसत्या बनियनवर, कोणी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली बाई. घोडा पाण्यात उतरून पाणी पीत होता आणि पाण्यावर तरंग उठत नव्हता. टोपीवाल्याने चंद्रहासकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

चित्रलेखाने दुसरी चिमूट टाकली. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकल्या, एकमेकींवर आपटल्या, आणि वाजल्या नाहीत.

चंद्रहासने खाली पाहिलं. ओल्या रेतीत त्याच्या बुटांचे ठसे होते. तिच्या चपलांचे, येताना होते ते, आता कडेने भरून येत होते.

तिने पेटी हलवायला हात पुढे केला. त्याने तो मनगटाशी धरला. विहिरीतून काढलेल्या लोट्यासारखा गार.

"अहो, सोडा. अर्ध्यात ठेवायचं नसतं."

"नको. यांना घरी नेऊ."

"एवढ्यांना?"

"एवढ्यांना."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. संसार इतका जुना की तोंड वाचायला चष्मा लागत नव्हता. "मी यांच्यातली आहे म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वाटाणे मी सोलत होते. तो टक् माझ्या दिशेने आला होता, तुमच्या नाही. तेव्हापासून मला माहीत आहे, मी जरा वरकडच उरलेय." ती शांतपणे बोलत होती, पण आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. "पण माझ्यापायी यांना कोंडायचं का? त्यांना जायचंय."

तेव्हा चंद्रहास गुप्त्याने, ज्याने आयुष्यात पूजेची ताम्हनंसुद्धा बायकोने सांगितल्याशिवाय उचलली नव्हती, त्याने निलगिरीखालच्या त्या गर्दीला हात जोडले. आणि मराठीतच बोलला, कारण इंग्रजी त्याला त्या क्षणी एक अक्षर आठवेना.

"चुकी माझी आहे. तुम्हाला सामानासारखं डिकीत घातलं. पण आता बोलावतोय, नीट. चार खोल्यांचं घर आहे. मागे अंगण आहे, घोड्याला थोडं अपुरं पडेल. राहा. हिला सोडून जा असं म्हणता येत नसेल, तर हिच्याबरोबर राहा."

कोणी हललं नाही. चिखलाची बाई टोपीवाल्याच्या कानाशी लागली. टोपीवाला पुढे आला.

"डिकीत?" त्याने विचारलं.

"नाही. हॉलमध्ये. उजेडात."

"आणि ती गोष्ट सांगून पाहुण्यांना हसवतोस, ती?"

चंद्रहासच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बंद."

"बंद नको करूस," टोपीवाला म्हणाला. "नीट सांग. बिअर माझ्या पैशांची होती."

मग तो झाडाखाली परत गेला आणि सगळ्यांच्या आधी खाली बसला. त्याच्या मागोमाग एकेक करून बाकीचे. चित्रलेखाने वाटीतले उरलेले तांदूळ पदरात ओतले आणि गाठ मारली. नदीचा आवाज परत आला तो एकदम, कोणी दार उघडल्यासारखा. चंद्रहासने तिचा हात गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. दारं कोणी उघडली नाहीत, तरी गाडी मागून खचली, आणखी खचली, आणि पुलावरून कुरकुरत व्हिक्टोरियात गेली.

पॉइंट कुकला पोचले तेव्हा दुपार टळत होती. नव्या घरासमोर ट्रक येऊन गेलेला, दारात अस्मिता उभी. फोनवरून आईने वर्षानुवर्षं शिकवलेलं सगळं तिने आज मांडलं होतं. हातात पाण्याचा तांब्या, आणि भाकरी मिळाली नाही म्हणून ब्रेडचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, म्हणजे वाटेत जे काही चिकटलं असेल ते उंबऱ्याबाहेरच्या बाहेर माघारी जातं.

"आई, थांब, आत नको येऊस! आधी हे. I practised and everything." आणि तिने तो तुकडा आईच्या डोक्यावरून फिरवायला सुरुवात केली.

चित्रलेखा उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. लेकीचा हात एकदा फिरला. चित्रलेखाच्या ओठांचा रंग उतरला. दुसऱ्यांदा फिरला. चंद्रहासच्या पाठीला, मानेला मागून गार वारा लागला, गर्दी एक पाऊल मागे सरकली की लागतो तसा. तिसऱ्यांदा फिरवून अस्मिताने तुकडा फेकायला हात उचलला.

चंद्रहासने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तोंडात घातला.

"बाबा! Oh my God, तो टाकायचा असतो! खायचा नसतो!"

तो चावत होता. ब्रेड सुका होता आणि त्याला बंदुकीच्या दारूची चव होती.

"भूक लागली होती," तो घास गिळून म्हणाला. "चित्रा, तू हो आत. उजवा पाय."

चित्रलेखाने चपला काढल्या, लेकीच्या तांब्यातलं पाणी पायांवर घेतलं आणि आत गेली. नव्या फरशीवर तिचं ओलं पाऊल उमटलं, पाची बोटांसकट. चंद्रहास दार धरून तिथेच उभा राहिला, अंग चोरून, दाराला पाठ लावून.

"आता तू ये ना," अस्मिता म्हणाली. "कोणासाठी थांबलायस?"

"आलोच," तो म्हणाला. पण दार लावायला त्याला बराच वेळ लागला.